रिझर्व्हच्या बाजूचं कुंपण

घर बघायला गेलो तेव्हा मी स्वयंपाकघर पाहिलं, नवऱ्याने गॅरेज पाहिलं, आणि मागची भिंत कोणीच पाहिली नाही, कारण मागे भिंत नव्हती. काच होती. जमिनीपासून छतापर्यंत, बाजूला सरकणारी. इथे तिला रँच स्लायडर म्हणतात. काचेपुढे गवताचा एक पट्टा, पट्ट्याच्या कडेला कमरेएवढी काळ्या गजांची जाळी, आणि जाळीपलीकडे रिझर्व्ह. रिझर्व्ह म्हणजे सगळ्यांची हिरवळ, आणि तिच्यातून आमच्या जाळीला अगदी चिकटून जाणारी पायवाट. घर विकणाऱ्या बाईने ती काच सरकवून दाखवली आणि म्हणाली की या घरात आत आणि बाहेर असा फरकच उरत नाही. आम्ही दोघांनी मान डोलावली. हॉर्नबी उपनगराच्या टोकाला, नव्याने आखलेल्या वस्तीतलं ते घर आम्ही घेतलं.

बाईचं म्हणणं खरं होतं. फरक उरला नाही. पहिल्या शनिवारी सकाळी मी पोह्यांचा घास तोंडात घातला आणि पायवाटेवरून जाणाऱ्या एका गृहस्थांनी मला हात केला. त्यांच्या कुत्र्यानेही थांबून पाहिलं. घास चावावा की हात करावा हे मला ठरवता येईना. मी दोन्ही केलं, आणि दोन्ही धड झालं नाही.

"अगं, ते बघत नाहीत," नवरा म्हणाला. "गुड मॉर्निंग करतात."

"तेच तर."

न बघता कोणी गेलं तर मला चालतं. बघून, दुर्लक्ष करून कोणी गेलं तरी चालतं. पुण्यात आमच्या समोरच्या इमारतीने पंधरा वर्षं तेच केलं. पण हसून हात करणाऱ्या माणसाचं काय करायचं ते मला शाळेत, घरात, कुठेच शिकवलं नव्हतं. हॉस्पिटलच्या फार्मसीत मी मागच्या खोलीतली नोकरी मागून घेतली होती, गोळ्या मोजायची. गोळ्या हात करत नाहीत.

तेव्हा ब्लाइंड खाली आले. राखाडी रंगाचे, छतापासून जमिनीपर्यंत. घराला ऊन मिळायचं ते नेमकं त्याच बाजूने, त्यामुळे भर दुपारी दिवा लावून आणि हीट पंप चालू ठेवून आम्ही बसायचो. नवरा या खोलीला तळघर म्हणायचा. मला एवढंच हवं होतं: एका सकाळी ब्लाइंड वर असावा, उन्हात बसून चहा प्यावा, आणि कोणी हात करू नये. एवढ्यासाठी माणूस कर्ज काढून घर घेतो, असं मला वाटत होतं.

वस्तीच्या नियमांची एक जाड पुस्तिका होती. रिझर्व्हच्या बाजूला भिंत बांधायची नाही, लाकडी फळ्या ठोकायच्या नाहीत, कापड लावायचं नाही. झाडं मात्र लावता येतील, माणसाच्या उंचीपर्यंत. म्हणजे झुडपांचं कुंपण, हेज. पण कुठलं? आमच्या घराला वसंतात वायव्येचा गरम वारा आणि एरवी दक्षिणेचा बर्फाळ वारा, दोन्ही थेट लागायचे. मध्ये सपाट मैदानाशिवाय काही नव्हतं. हिवाळ्यात पहाटे गवत पांढरं व्हायचं आणि पायाखाली कुरकुरायचं. नवऱ्याने एक तक्ता केला. वाऱ्याला इतके गुण, थंडीला इतके, उंचीला इतके. तो आयटीत आहे. तक्ता फार सुंदर झाला, वर्षभर वाढत राहिला, आणि अंगणात एक पानही उगवलं नाही.

मग २०१४ साली सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आले.

सासरे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी सरकारी इमारती उभ्या केल्या आणि त्याहून जास्त वेळ त्या पडू नयेत म्हणून धडपडले. इकडे येण्यापूर्वी दोन आठवडे ते उत्तरेकडच्या उबदार ऑकलंडला, अवोन्डेलमध्ये, नवऱ्याच्या आत्तेभावाकडे राहून आले होते. आमच्या घरात शिरल्यावर त्यांनी बॅग खाली ठेवली, ब्लाइंडची फट करून बाहेर पाहिलं आणि विचारलं, "दिवसा अंधार का? कोणी गेलंय का?"

नवऱ्याने प्रश्न समजावून सांगितला. त्यात माझं नाव किती वेळा आलं ते मी मोजलं नाही.

"एवढंच ना," सासरे म्हणाले. "अवोन्डेलला बघून आलोय मी. हिरवी भिंत आहे, भिंत. या बाजूचा माणूस त्या बाजूला दिसत नाही. फायकस."

पण माणूस बांधकाम खात्यातला, त्यामुळे आधी रीतसर चौकशी व्हायला हवी होती. आम्ही तिघं जवळच्या रोपवाटिकेत गेलो. तिथल्या बाईच्या हातमोज्यांना ओली माती होती. तिने घर कुठे, वारा कुठून, फ्रॉस्ट म्हणजे गोठणारं दव किती, असे तीन प्रश्न विचारले आणि आम्हाला एका फळीपाशी नेलं. फळीवरच्या कुंड्यांतून काळपट तारा वर आल्या होत्या. तारांना मधूनमधून नखाएवढी करडी पानं होती.

"हे मेलंय," सासरे मला मराठीत म्हणाले.

मी ते सौम्य करून इंग्रजीत विचारलं. बाई म्हणाली, नाही, ते असंच दिसतं. कोरोकिया. इथलंच झाड. याला वारा, थंडी, कशानेही काही होत नाही. फक्त सावकाश वाढतं.

"जिवंतपणी असं दिसतंय, तर मेल्यावर कसं कळणार?" सासऱ्यांनी विचारलं. हे मी भाषांतरात सोडून दिलं. मग त्यांनी स्वतःच फायकसची चौकशी केली. बाईने भुवया वर केल्या आणि सांगितलं की फायकस छान आहे, पण इथे घरात ठेवा, कुंडीत.

गाडीत बसल्यावर सासरे म्हणाले, "तिच्याकडे फायकसचा स्टॉक नाही. म्हणून."

"पण बाबा, तिने सांगितलं ना, फ्रॉस्टमध्ये..." नवरा म्हणाला.

"अरे, फायकस म्हणजे कोण? वड, पिंपळ, उंबर. एकाच घराण्यातले. तीस वर्षं मी पिंपळ उपटले. पाण्याच्या टाकीतून उपटले, कोर्टाच्या कॉर्निसमधून उपटले. ॲसिड ओतलं, डांबर ओतलं, वरून सिमेंट भरलं. पुढच्या वर्षी कलेक्टरसाहेब येतात आणि बघतात तर त्याच भेगेतून दोन पानं. एकही मेला नाही. आणि मला ही बाई सांगते थंडीने मरेल."

ज्याने भिंतीतून पिंपळ उगवताना पाहिलाय अशा कोणत्याही माणसाला हे पटावं. मलासुद्धा ते पटलं, हे कबूल करायला हवं. शाळेत मी झाडांची नावं इंग्रजीत शिकले, पण पिंपळ मरत नाही हे ज्ञान माझ्याकडे मराठीतूनच आलं होतं.

अवोन्डेलच्या आत्तेभावाने एका नर्सरीतून बत्तीस फायकस पाठवून दिले. उंच खोक्यांतून, छातीएवढे, पानं इतकी चकचकीत की कोणीतरी एकेक पुसून पाठवल्यासारखी. एप्रिलमध्ये सासऱ्यांनी ते लावले. जाळीपासून हातभर अंतर सोडून दोरी ताणली, ओळंबा लावला, प्रत्येक खड्डा मोजला. नवरा खड्डे खणत होता आणि सासरे वरून पर्यवेक्षण करत होते. संध्याकाळी ओळ पाहून ते म्हणाले, "आता बघायचं नाही. वर्षात छताला लागेल. कापायला माणूस ठेवावा लागेल."

त्या आठवड्यात मी ब्लाइंड गुडघ्यापर्यंत वर केला. उन्हाचा एक पट्टा जमिनीवर आला. मी त्यात पाय ठेवून चहा प्यायले. पायवाटेवरून जाणाऱ्यांना माझ्या पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं, आणि पावलांना कोणी हात करत नाही.

इथे मेमध्ये थंडी सुरू होते, पण तो महिना सौम्य गेला. दोन-तीन पहाटे थोडं गवत पांढरं झालं आणि शेंड्यांची पानं तपकिरी झाली. पायवाटेवरच्या एका बाईने जाळीवरून वाकून सांगितलं की रात्री यांच्यावर कापड टाका, दुकानात खास मिळतं. मी ते सासऱ्यांना सांगितलं.

"पिंपळाला पांघरूण?" ते म्हणाले. "सवय होतेय त्याला. लाड केले की झाड बिघडतं."

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. सासूबाई पुण्यात बाजारातून वडाची फांदी आणायच्या आणि दर वर्षी त्याबद्दल हळहळायच्या, की पूजेसाठी झाड ओरबाडायचं म्हणजे काय. आदल्या दिवशी त्या खिडकीत उभ्या राहून कुंपणाकडे बघत होत्या.

"हे म्हणे वडाच्याच घराण्यातलं ना?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं.

"सख्खं."

"मग इथे तर जिवंत बत्तीस आहेत."

मला पुढचं सगळं दिसलं. "आई, मी कधी केली नाहीये वटपौर्णिमा," मी म्हणाले. माझ्यापरीने हा नकार होता.

"मग या वर्षी शिकशील," त्या म्हणाल्या.

झाडाला सूत गुंडाळत सात फेऱ्या मारायच्या असतात. बत्तीस झाडांपैकी एकाला मारल्या असत्या तरी चाललं असतं, पण सासूबाईंच्या मते बाकीच्या एकतिसांवर तो अन्याय होता. शिवाय झाडं आता एकमेकांना लागली होती. तेव्हा सगळ्या ओळीलाच फेऱ्या. ओळीची एक बाजू आमच्या अंगणात, दुसरी जाळीकडे, आणि मधल्या हातभर फटीत माणूस मावत नव्हता. म्हणजे सूत धरून अंगणातून चालत जायचं, फाटक उघडून रिझर्व्हवर जायचं, पायवाटेने परत यायचं, दुसऱ्या टोकाच्या गजावरून सूत सासऱ्यांच्या हातात द्यायचं, आम्ही फाटकातून पुन्हा आत आलो की त्यांनी ते आमच्या हातात द्यायचं. सात वेळा. साडी, साडीवर फुगीर जाकीट, पायात बूट. सासूबाईंनी कानाला मफलर गुंडाळला होता आणि हातात हळदीकुंकवाचा करंडा होता. पुण्याहून आणलेलं सूत दुसऱ्या फेरीत संपलं. पुढच्या दोन स्वयंपाकघरातल्या दोरीने झाल्या, उरलेल्या माझ्या विणकामाच्या पांढऱ्या लोकरीने.

छान ऊन पडलं होतं. रिझर्व्हभोवती एवढी माणसं राहतात हे मला तोवर माहीत नव्हतं. चौथ्या फेरीला एक पांढरा कुत्रा आमच्यात सामील झाला आणि शेवटपर्यंत श्रद्धेने चालला. त्याचे मालक, तेच पोह्यांच्या वेळचे गृहस्थ, जाळीपाशी थांबले.

"हे फ्रॉस्टसाठी का?" त्यांनी विचारलं.

सात जन्म, सत्यवान, यमराज, यातलं काहीही मला त्या क्षणी इंग्रजीत येत नव्हतं. "हो," मी म्हणाले.

"हुशारी आहे," ते म्हणाले. "मी कधी पाहिलं नव्हतं."

"काय म्हणतोय?" सासूबाईंनी विचारलं.

"चांगलं आहे म्हणतात."

"मग. त्यालाही दे प्रसाद."

मी त्यांना केळं दिलं. त्यांनी ते कुत्र्याबरोबर वाटून खाल्लं.

तिसऱ्या दिवशी पहाटे खरा फ्रॉस्ट पडला. आदल्या संध्याकाळी वारा पडला होता, आकाश स्वच्छ होतं, आणि सासरे म्हणाले होते की हवा सुधारतेय. सकाळी गवत, जाळी, कपडे वाळत घालायच्या तारा, सगळ्यावर पांढरं मीठ पेरल्यासारखं झालं होतं. फायकस अजून हिरवेच होते. काचेसारखे, ताठ. सासऱ्यांनी आम्हाला बोलावून दाखवलं. "बघा."

ऊन वर आलं आणि दहा वाजेपर्यंत बत्तीसच्या बत्तीस झाडांनी माना टाकल्या. उकळत्या पाण्यात बुडवून काढलेल्या पालकासारखी पानं, आधी गडद, मग काळी. त्यावर सूत, दोरी आणि पांढरी लोकर यांचे सात वेढे.

त्या दुपारी ते गृहस्थ आले, थांबले, आणि बराच वेळ बघून म्हणाले, "दोरीचा उपयोग झाला नाही, नाही का."

अंधार पडेपर्यंत सासरे नखाने साल खरवडून खोड आतून हिरवं आहे का ते बघत राहिले. नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी पुजलेलं झाड तिसऱ्या दिवशी मेलं, याचा अर्थ काय घ्यायचा हे प्रत्येक जण आपापल्या खोलीत ठरवत होता. नवरा तेवढा माझ्याजवळ येऊन म्हणाला, "नखाने खरवडून बघ ना, मी अजून हिरवा आहे का."

सासूबाईंनी पुण्याला गुरुजींना फोन लावला. पाऊण तास बोलणं झालं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. "गुरुजी म्हणाले, ही परदेशी जात धरत नाहीत. पूजा लागूच झाली नाही."

"चला, सुटलो," नवरा म्हणाला. "मग उपटून टाकू."

"उपटून? अरे, उंबराचं नातेवाईक आहे ते. दत्ताचं झाड. त्याला कुऱ्हाड लावायची नाही."

एकच झाड पूजेपुरतं परकं आणि तोडण्यापुरतं नात्यातलं कसं, असं विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. नवऱ्याच्याही आलं असावं. आम्ही दोघांनी चहा घेतला.

सासऱ्यांचं कारण वेगळं होतं. त्यांच्या मते झाड मेलंच नव्हतं. रोज सकाळी ते प्रत्येक खोडाची साल नखाने खरवडायचे. "हे बघ. हिरवट आहे." मी बघायचे. चहासारखा रंग होता. "आहे ना?" मी मान हलवायचे. मान हलवण्यात होही असतं आणि नाहीही, आणि सासरी ती सोय फार मोठी असते.

जुलै असाच गेला. काळे सांगाडे तसेच उभे राहिले, आणि मला वाटलं नव्हतं ते झालं. लोक थांबायला लागले. पूर्वी नुसता हात करून जायचे. आता जाळीपाशी उभे राहून सांत्वन करायचे. एक आजी म्हणाल्या, वाईट वाटलं तुमच्या हेजचं. एका जोडप्याने विचारलं, हे काही कलाकृतीसारखं आहे का. एकाने आपल्या आईच्या बागेतल्या लिंबाचं निधन कसं झालं ते सविस्तर सांगितलं. मी कचरा टाकायला बाहेर गेले की पंधरा मिनिटं परत यायचे नाही. त्या कुंपणाने मला एका महिन्यात जेवढ्या लोकांपुढे उभं केलं तेवढ्यांना मी अख्ख्या आयुष्यात स्वतःहून भेटले नसते. ब्लाइंड पुन्हा जमिनीला टेकले. खालच्या फटीत मी टॉवेल लावला.

ऑगस्टच्या शेवटी सासू-सासऱ्यांचं परतीचं विमान होतं. त्याआधी काही झालं नाही तर वसंताचे वारे सुरू होणार, मग उन्हाळा, मग पुन्हा हिवाळा, आणि हे सांगाडे तसेच. बोलायचं कसं ते मला कळेना. एका शनिवारी सगळे उठायच्या आत मी बाहेर गेले, ओळीच्या टोकाचं एक झाड दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. जोर लावावा लागलाच नाही. लोकर कापली, झाड आत आणलं, वर्तमानपत्र पसरून सासऱ्यांच्या चहाच्या कपाशेजारी आडवं ठेवलं. मुळं कुजून भिजलेल्या सुतळीसारखी झाली होती.

सासरे आले. त्यांनी चष्मा लावला. एक मूळ बोटांत धरून दाबलं. मी ओट्याकडे तोंड करून उगाच पातेलं घासत होते.

"पाया गेलाय," ते शेवटी म्हणाले. "पाया गेला की इमारत पाडायची. त्यात भावना आणायची नाही." मग सासूबाईंच्या खोलीकडे बघून आवाज खाली आणून, "तिला मी सांगतो. कुऱ्हाड लावायची नाही ना? हाताने उपटू."

सगळी उपटून होईपर्यंत दुपार झाली. सासूबाईंनी प्रत्येक खड्ड्यात चिमूटभर हळद टाकली आणि विषय मिटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रॉस्ट होता. सासरे कानटोपी घालून, वही घेऊन दारात उभे. "चल," ते मला म्हणाले. "पाहणी. आधीच करायला हवी होती. जुन्या इमारतीत काय टिकलंय ते बघून नवीचं इस्टिमेट करतात. मी खात्यात हेच शिकवायचो."

तासभर आम्ही हॉर्नबीच्या जुन्या गल्ल्यांतून फिरलो. तो काळा, गोठलेला, चकाकणारा तास हेज बघायला सगळ्यात चांगला, हे मला तेव्हा कळलं. उन्हाळ्यात सगळीच झाडं बढाया मारतात. सासरे प्रत्येक घरापुढे थांबायचे, पान चिमटीत धरायचे, वहीत लिहायचे. जाड, गोल पानांचं एक कुंपण छान होतं, पण कोवळ्या शेंड्यांना चटका बसला होता. एकाची पानं वाऱ्याच्या बाजूने साफ गळाली होती. आणि मी, जिला कोणी आपल्या अंगणात बघितलेलं खपत नव्हतं, ती सकाळी सातला लोकांच्या कुंपणांत डोकं घालून उभी होती.

एका लाकडी घरापुढे ते थांबले. करड्या-हिरव्या रंगाचं, खांद्याएवढं, इतकं दाट कुंपण की मूठ आत जाईना. एकही पान काळं नव्हतं. दव गोठून प्रत्येक पानाला पांढरी कड आली होती, बस. दार उघडलं आणि ड्रेसिंग गाउनमधल्या एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. काही हवंय का, त्यांनी विचारलं. मी माफी मागायला तोंड उघडलं. सासऱ्यांनी त्याआधी टोपी काढली.

"मॅडम, तुमच्या हेजचं वय किती?"

बाईंनी विचार केला. "माझ्या दुसऱ्या नवऱ्याच्या आधीपासून आहे. आणि त्याच्यानंतरही आहे."

"व्हेरी गुड," सासरे म्हणाले आणि लिहून घेतलं. मग त्यांनी एक फांदी मागितली. पुण्यात कोणाच्याही फाटकातून आपण मागतो तशी, काहीच संकोच न करता. बाईंनी कात्री आणून ती कापली, त्यांच्या हातात दिली आणि नाव सांगितलं.

कोरोकिया.

घरी येईपर्यंत सासऱ्यांनी ती फांदी वहीत मिटून ठेवली होती. रोपवाटिकेत ते गाडीतून उतरले नाहीत. मी एकटीच आत गेले. मातीच्या हातमोज्यांच्या बाईने मला ओळखलं, गाडीकडे एक नजर टाकली, आणि काहीही न विचारता त्या तारांची बत्तीस रोपं काढून दिली. "स्वीट ॲज," ती म्हणाली, म्हणजे इकडच्या बोलीत काही हरकत नाही. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण मी तशी नाही.

रोपं गुडघ्याएवढीसुद्धा नव्हती. सासू-सासरे गेले. वसंतात वायव्येचा वारा असा सुटला की शेजाऱ्यांचं ट्रॅम्पोलिन आमच्या अंगणात आलं. तारा वाकल्या आणि पुन्हा उभ्या राहिल्या. जूनमध्ये फ्रॉस्ट पडला. तारांना पत्ताच नव्हता. पायवाटेवरचे लोक सुरुवातीला विचारायचे, हीसुद्धा मेली का? मग विचारेनासे झाले. दुसऱ्या वसंतात बारीक पिवळी फुलं आली. मी दर वर्षी ब्लाइंड थोडा वर घ्यायचे, कुंपण जेवढं वाढलंय त्या मापाने. पहिल्या वर्षी वीतभर. तिसऱ्या वर्षी मांडीपर्यंत. मी त्या काळात जमिनीवर बसून खूप जेवले. पाहुणे आले की नवरा सांगायचा की आम्ही आपली पद्धत जपतो.

२०१८च्या उन्हाळ्यात कुंपण माझ्या डोक्याच्या वर गेलं आणि ब्लाइंड छताला लागला. खोलीच्या मधोमध ऊन आलं. मी खुर्चीत बसून, गाउनमध्ये, केस न विंचरता चहा प्यायले. कुत्र्यांच्या पट्ट्यांची किणकिण ऐकू यायची, बोलणं ऐकू यायचं, पण त्या बोलण्यात मी नसायचे. असे एकोणीस दिवस गेले. विसाव्या दिवशी सासू-सासरे पुन्हा आले.

सासऱ्यांनी कुंपणाभोवती फेरी मारली, हाताने दाबून पाहिलं, समाधानाने मान हलवली. तीन दिवस ठीक गेले. चौथ्या दिवशी ते काचेपाशी उभे राहून म्हणाले, "काही दिसतच नाही इथून."

"तेच तर," नवरा म्हणाला.

"तसं नाही. तुम्ही दोघं कामाला जाता. आम्ही दिवसभर बघायचं काय? पूर्वी निदान माणसं दिसायची."

"आणि तो पांढरा कुत्रा," सासूबाई म्हणाल्या.

शनिवारी सकाळी मी कणीक मळत होते, तेव्हा बाहेर दोरी ताणल्याचा आवाज आला. दोरी ताणण्याला आवाज नसतो, पण सासरे ताणतात तेव्हा असतो. मी काचेबाहेर पाहिलं. त्यांनी कुंपणावर छातीच्या उंचीला दोरी बांधली होती, ओळंबा लावला होता, आणि शेजाऱ्यांकडून मोठी कात्री आणली होती. मी तशीच बाहेर गेले, गाउनमध्ये, हाताला कणीक.

"फक्त मधला एवढा तुकडा," ते म्हणाले. "दोन फूट खाली घ्यायचा. खिडकीसारखं. सरकारी इमारतीतसुद्धा खिडकी ठेवतात."

"नको, बाबा."

त्यांनी मला ऐकू आलं नसावं असं समजून पुन्हा सांगितलं. "वाढतंय ना ते. एका वर्षात भरून येईल."

"एका वर्षात नाही येत. चार लागतात. नको."

माझा आवाज मोठा नव्हता. पण मान मी हलवली नव्हती, तोंडाने बोलले होते, आणि हे आम्हा दोघांनाही नवीन होतं. त्यांनी कात्रीकडे पाहिलं, माझ्या कणकेच्या हातांकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं. मी तिथून हलले नाही. कुंपणापलीकडून कोणीतरी शीळ घालत गेलं.

"घर तुझं आहे," ते शेवटी म्हणाले. रागाने म्हणाले की नोंद म्हणून, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी दोरी सोडली आणि पंजाभोवती नीट गुंडाळली.

दोन दिवस ते माझ्याशी फक्त मिठाबद्दल बोलले. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी घडीची खुर्ची उचलली, फाटक उघडलं आणि पलीकडे पायवाटेच्या कडेला जाऊन बसले. दुसरी खुर्ची सासूबाईंसाठी. त्यानंतर रोज, वारा असला तरी. नवऱ्याने त्यांना किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणायला शिकवलं होतं. ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचे, कुत्र्यांनासुद्धा. आठवड्याभरात रिझर्व्हवर त्यांना मी पाच वर्षांत टाळलेल्यांहून जास्त माणसं ओळखायला लागली.

एकदा मी काचेपाशी बसून न्याहारी करत होते. ब्लाइंड छताला, ऊन मांडीवर. कुंपणापलीकडून एका बाईचा आवाज आला: काय सुंदर हेज आहे, इतक्या वाऱ्यात, कुठलं झाड हे?

"कोरोकिया," सासऱ्यांचा आवाज आला. "व्हेरी हार्डी. आय सिलेक्टेड."

मी पोळीचा पुढचा तुकडा मोडला. दुरुस्ती करायची तर बाहेर जावं लागलं असतं.